वर्गातील यंत्र आणि शिक्षकाचा स्वतःचा हिशेब

आपण शिक्षक असाल, तर अलीकडच्या काही वर्षांत एक प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने आपल्यापुढे आलाच असेल. कधी छापील प्रपत्रात, कधी मोबाइलवर आलेल्या लिंकमधून, तर कधी प्रशिक्षणाच्या शेवटच्या तासाला, जेव्हा सगळ्यांना एस.टी. पकडायची घाई असते. प्रश्न दिसायला साधा : ‘आपण अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर करता काय?’ त्यापुढे चार घरे. कधीच नाही, क्वचित, बहुधा, नेहमी. आपण क्षणभर थांबता आणि तिसऱ्या नाही तर चौथ्या घरात खूण करता. त्यात खोटे असे काही नसते. वर्गात टीव्ही आहे, तो लागतो, मुले बघतात. मग ‘नेहमी’ म्हणायला हरकत कोणती?

हरकत एवढीच, की हा प्रश्न फार ढोबळ आहे. ‘आपण घरी स्वयंपाक करता काय?’ एवढेच विचारून कोणाच्या हाताला चव आहे ते कळायचे नाही, तसेच हे. वापर म्हणजे काय, तो कोण करतो, कशासाठी करतो आणि त्यातून मुलाच्या पदरात काय पडते, हे सारे पोटप्रश्न त्या एका शब्दाखाली दडपून गेलेले असतात. ते सुटे करून दाखवणारी जी चौकट, तिला मानके म्हणतात. शब्द जरा जड आहे. साध्या बोलीत सांगायचं तर माप. किलो म्हणजे किती हे ठरल्याशिवाय वाण्याशी भांडता येत नाही. तसेच चांगला वापर कशाला म्हणायचे हे ठरल्याशिवाय स्वतःशीही भांडता येत नाही.

ही मापे फार जुनी नाहीत. शिक्षणातील तंत्रज्ञानाचा विचार करणारी ‘इस्टे’ या आद्याक्षरी नावाची एक संस्था अमेरिकेत आहे. तिने १९९८ साली विद्यार्थ्यांसाठी आणि २००० साली शिक्षकांसाठी अशी मानके प्रसिद्ध केली. त्या वेळी संगणक हीच नवलाई होती. साहजिकच यादीत पहिला मान यंत्र हाताळता येण्याला मिळाला. पुढे २००८ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये शिक्षकांची मानके बदलली. २०१७ च्या मानकांत शिक्षकाच्या सात भूमिका सांगितल्या आहेत. तो स्वतः शिकणारा आहे, पुढाकार घेणारा आहे, नागरिक आहे, इतरांबरोबर काम करणारा आहे, पाठाची रचना करणारा आहे, मुलांची वाट सुकर करणारा आहे आणि मुलांच्या कामावरून पुढचे काय ते ताडणारा आहे. मौज अशी, की या सातांत ‘यंत्र चालवणारा’ अशी वेगळी भूमिका कोठेच नाही. सतरा वर्षांत माप येथून तेथे सरकले. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनातले माप मात्र अजून २००० सालातलेच आहे. प्रोजेक्टर जोडता येतो, म्हणजे आपण तंत्रस्नेही!

युनेस्कोने शिक्षकांसाठी जी चौकट केली तिची पहिली आवृत्ती २००८ ची, दुसरी २०११ ची आणि तिसरी २०१८ ची. तिसरीत अठरा क्षमता आहेत आणि त्या तीन पायऱ्यांवर मांडल्या आहेत : ज्ञान मिळवणे, ज्ञान खोल करणे आणि ज्ञान निर्माण करणे. युरोपीय लोकांनी २०१७ मध्ये आपली वेगळी चौकट केली. तिच्यात बावीस क्षमता आणि सहा पायऱ्या आहेत. परकी भाषा शिकणाऱ्यांना जशा ए-वन, ए-टू अशा श्रेण्या देतात, तशाच त्या आहेत. आपल्याकडे शालेय शिक्षणातील माहिती-तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय धोरण २०१२ साली आले. एन.सी.ई.आर.टी.ने २०१३ मध्ये शिक्षकांनी स्वतःला तपासण्यासाठी ‘पिंडिक्स’ नावाचे निर्देशक दिले. २०१५ पासून आपण ‘शाळासिद्धी’ भरत आलो, तिचे नाव तर मास्तरांच्या घरातल्या मंडळींनाही पाठ झाले आहे. या शेवटच्या दोन गोष्टी केवळ तंत्रज्ञानासाठी नाहीत. पण शाळासिद्धीतली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शाळेतल्या साधनांविषयी तेथे दोन वेगळे प्रश्न आहेत. साधन आहे का आणि पुरेसे आहे का, हा एक. त्याचा दर्जा कसा आणि ते उपयोगात येण्याजोगे आहे का, हा दुसरा. संगणक-खोलीला कुलूप आणि किल्ली शिपायाच्या खिशात, अशी स्थिती असेल तर पहिल्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळतील आणि दुसऱ्यात शाळा नापास होईल.

आता पायऱ्या म्हणजे काय ते एका पाठावरून पाहू. विषय पावसाचा घेऊ. सातारा जिल्ह्याचे उदाहरण यासाठी फार सोयीचे आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात दहिवडीच्या बाजूला तो पाचशेच्या आसपास असतो. एका जिल्ह्यात दहापट फरक. का?

एक गुरुजी टीव्ही लावतात. समुद्रावरून वारे येतात, सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात, पाऊस कोसळतो आणि पलीकडे कोरडे वारे उतरतात, हे सारे चलच्चित्रात सुरेख दिसते. फळ्यावर खडूने बाण काढून ते इतके नीट दाखवता येत नाही. हा वापर चांगलाच आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु येथे रिमोट गुरुजींच्या हातात आहे आणि मुले बघत आहेत.

दुसऱ्या शाळेतल्या बाई तेच चित्र दाखवतात, पण मध्येच थांबवतात. ‘आता पलीकडे काय होईल, सांगा बरं?’ मुले आपापला अंदाज वहीत लिहितात, शेजाऱ्याशी वाद घालतात आणि मग पुढचे चित्र पाहतात. नंतर हवामान खात्याचे आकडे मुलांच्या गटांना देतात आणि शाळेच्या एकुलत्या एक संगणकावर पाळीपाळीने आलेख काढायला लावतात. साधने तीच. तरी पायरी बदलली.

तिसरीकडे मुले स्वतः पाऊस मोजतात. पाण्याची सरळ बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नाळक्यासारखा बसवायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची. तळ खोलगट-उंचवटा असेल तर खड्यांनी आणि पाण्याने आधी शून्याची रेषा सारखी करून घ्यायची. जून ते सप्टेंबर रोज सकाळी ठरल्या वेळी माप नोंदवायचे. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी कोण येणार, ते मुलेच ठरवतात. नोंदी तक्त्यात भरल्या जातात आणि घाटमाथ्यावरच्या दुसऱ्या शाळेशी फोनवरून त्यांची देवघेव होते. महिनाअखेर मुले विचारतात, ‘बाई, आपला आकडा तहसीलच्या आकड्याशी जुळत का नाही?’ हा प्रश्न निघाला की तिसरी पायरी आली असे खुशाल समजावे, कारण त्याचे उत्तर कोणत्याही चलच्चित्रात नाही. ते मुलांनाच शोधायचे आहे. आणि लक्षात घ्या, या तिसऱ्या शाळेत यंत्राचा वेळ सगळ्यांत कमी गेला असेल. प्रपत्रातल्या ‘किती तास वापर?’ या रकान्यात तीच शाळा खाली दिसेल.

म्हणूनच तासांचे माप मला फसवे वाटते. हे काही आजचे नाही. १९१३ साली एडिसनने भाकीत केले होते, की शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि सारे शिक्षण चित्रपटांतून होईल. नंतर रेडिओ आला, त्याच्याविषयीही अशीच आशा बाळगली गेली. (हे आम्ही रेडिओवाल्यांनी सांगावे यात थोडी गंमत आहे, पण खरे ते खरे.) आपल्याकडे १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील सुमारे दोन हजार चारशे खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा मोठा प्रयोग झाला, आणि १९८४ पासून ‘क्लास’ या योजनेत काही निवडक शाळांत संगणक आले. लॅरी क्यूबन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ साली लिहिलेल्या एका पुस्तकात चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांचा शाळांतला प्रवास तपासला आहे. गाजावाजा, मग अभ्यासकांचे दाखले, मग निराशा आणि शेवटी दोष शिक्षकाच्या माथी, असे ते चक्र त्याला पुन्हा पुन्हा दिसले. यंत्र वर्गापर्यंत पोहोचवणाऱ्याने शिक्षकाचा दिवस कसा जातो हे विचारलेलेच नसते. दोनशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-दोन यत्ता सांभाळणाऱ्या बाईंना ‘नेहमी’च्या घरात बसवणे सोपे आहे, त्यांच्या जागी उभे राहणे अवघड.

तेव्हा स्वतःचा हिशेब शिक्षकाने स्वतःच मांडावा, हे ओघाने आले. पण आपणच आपले परीक्षक झालो की गफलती होतात, आणि त्यांचे प्रकार ठरलेले आहेत.

क्रूगर आणि डनिंग या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तर्क, व्याकरण अशा विषयांत लोकांची चाचणी घेतली आणि त्यांनाच विचारले, की तुमचा क्रमांक कितवा असेल? सर्वांत खालच्या चौथाईतल्या लोकांचा खरा क्रमांक शंभरांत बाराव्या जागेच्या आसपास, आणि त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज बासष्टाव्या जागेचा! उलट वरच्या चौथाईतले लोक स्वतःला थोडे कमीच लेखत होते. हा अभ्यास शिक्षकांचा नव्हता, आणि त्याच्या कारणमीमांसेवर पुढे संख्याशास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतले आहेत. तरीसुद्धा शिक्षकांच्या खोलीत बसून पाहा. ज्यांना फक्त चित्र लावता येते ते चौथ्या घरात खूण करतात, कारण त्यापलीकडे काही असते याची त्यांना वार्ताच नसते. आणि ज्या बाई वर्षभर पर्जन्यमापकावर झटल्या त्या म्हणतात, ‘छे हो, मला कुठे एवढं येतं?’

दुसरी गफलत भीतीची. प्रपत्र कोठे जाणार? केंद्रप्रमुखांकडे, तेथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तेथून जिल्ह्याला. खाली खूण केली तर ‘अमुक गुरुजी मागे आहेत’ असे होणार. मग कोण कशाला खाली खूण करील? परंतु याचा परिणाम काय होतो तो पाहा. तालुक्यातल्या सगळ्यांनी वरची पायरी लिहिली, की कागदावर तालुका पुढारलेला ठरतो. पुढारलेल्याला शिकवायचे काय? मग प्रशिक्षण निघते ते पुन्हा ‘प्रोजेक्टर कसा जोडावा’ याचेच, किंवा निघतच नाही, आणि पैसा आणखी एका टीव्हीवर खर्च होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. पन्नास तास म्हणजे थोडेथोडके नव्हेत. ते आपल्या उपयोगी पडावेत की गाडीभाड्याचे नुसते निमित्त व्हावेत, हे पुष्कळ अंशी त्या खुणेवर अवलंबून आहे. आणि त्यात जे जाते ते मागच्या बाकावरच्या मुलाचे जाते. खूण करणाऱ्याचे काही बिघडत नाही.

तिसरी गफलत सरासरीची. मानकांत अनेक अंगे असतात आणि एकच माणूस सगळ्या अंगांत एका पायरीवर नसतो. उत्तम चित्रफिती करणारे एक शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या चित्रफिती खरोखर पाहण्यासारख्या असतात. पण तेच गृहस्थ मुलांचे फोटो, नावे आणि चाचणीतले गुण गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर बिनदिक्कत टाकतात. कमी गुण मिळालेल्या पोरीला दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बोलणी खावी लागतात, हे त्यांच्या गावीही नसते. रचनेच्या अंगात ते वरच्या पायरीवर, आणि नागरिकत्वाच्या अंगात पहिलीवरही नाहीत. दोहोंची सरासरी काढली तर ‘मध्यम’ येईल, आणि तो आकडा त्यांना काहीच सांगणार नाही. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यात अठरा वर्षे पुरी न झालेल्या प्रत्येकाला मूल धरले आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी पोरीची लाज राखणे हे शिक्षकाचे कामच आहे.

मग करावे कसे? माझी सूचना अशी, की प्रपत्र भरण्याआधी एक पंधरवडा पाठ-टाचणाच्या वहीतच समासात दोन शब्द लिहीत जावे. जेथे यंत्र वापरले तेथे एवढेच : ते कोणाच्या हातात होते, आणि मुलांनी काय केले. ‘माझ्या हातात, पाहिले.’ ‘गटाच्या हातात, आलेख काढला.’ ‘राजूच्या हातात, बाकीचे बघत होते.’ यापेक्षा जास्त लिहू नये, नाही तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो आणि वही बंद पडते. पंधरा दिवसांनी समास चाळावा. ‘पाहिले’ हा शब्द किती वेळा आला ते मोजावे. कोणाची नावे वारंवार येतात तेही पाहावे. बहुतेक ठिकाणी असे आढळते, की संगणकापाशी दोन-तीन चलाख मुलगे ठाण मांडून असतात आणि मुली मागून डोकावतात. हे आपल्याला रोज दिसत असते, पण लिहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरे एक परीक्षण वीज गेली म्हणजे आपोआप होते. दिवे गेले आणि पाठ तेथेच बसला, तर पाठ यंत्राचा होता. दिवे गेले आणि मुले वहीतले अंदाज घेऊन भांडत राहिली, तर पाठ आपला होता. खेड्यात ही सोय सरकारकृपेने वारंवार उपलब्ध असते!

तिसरे, मुलांना विचारावे. नाव न घालता चिठ्ठीवर : काल टीव्हीवर पाहिले त्यातले काय आठवते, आणि काय कळले नाही? चौथीच्या पुढची मुले नेमके लिहितात, कधी कधी नको तितके नेमके. आणि शेवटी एखाद्या सहकाऱ्याला एक तास आपल्या वर्गात मागे बसवावे, व पुढच्या आठवड्यात आपण त्याच्या वर्गात बसावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत पाठ दाखवला की सजावट येते. दोघांतले हे पाहणे मात्र साधे राहते. त्याने पायरी सांगू नये, फक्त काय दिसले ते सांगावे. ‘बाई, वीस मिनिटांत बारा मुलं एकदाही बोलली नाहीत.’ एवढे पुरते.

एवढा पुरावा हाती आल्यावर चौकट उघडावी. इस्टेची घ्या, युनेस्कोची घ्या, पिंडिक्स घ्या, कोणतीही एक. सगळी अंगे एका बैठकीत तपासू नयेत. एक अंग निवडावे, आपण कोणत्या पायरीवर आहोत असे वाटते ते आधी कागदाच्या कोपऱ्यात लिहावे, मग प्रत्येक विधानापुढे समासातला दाखला शोधावा. दाखला सापडला तर खूण करावी, नाही तर घर रिकामे सोडावे. शेवटी कोपऱ्यातला अंदाज आणि ही पायरी ताडून पाहावी. एखादी पायरी खाली उतरली तर वाईट वाटायला नको. वर्षभरापूर्वी हे विधान वाचले असते तर त्याचा अर्थच कळला नसता, हेही तितकेच खरे असते.

आता कोणी विचारील, की ही सारी चर्चा टीव्ही आणि संगणकाची झाली. हल्ली तर मोबाइलला सांगितले की तो प्रश्नपत्रिकाही काढून देतो. त्याचे काय? त्याचीही चौकट आलेली आहे. युनेस्कोने २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधी शिक्षकांच्या पंधरा क्षमता सांगितल्या, आणि त्यांनाही तीनच पायऱ्या आहेत. पण समासातला प्रश्न येथेही तोच चालेल. प्रश्नपत्रिका यंत्राने काढली. ती तपासली कोणी? मराठीतले प्रश्न नीट वाचून पाहा. लिंग चुकलेले असते, कधी धड्यात नसलेली माणसे धड्यात शिरलेली असतात, कधी उत्तरच चूक असते आणि ते अगदी ठामपणे दिलेले असते. पाचवीच्या मुलाला हे पकडता येणार नाही. सहावी-सातवीच्या वर्गापुढे मात्र तीच सदोष प्रश्नपत्रिका ठेवून ‘यातल्या चुका काढा’ म्हटले, तर तो एक उत्तम पाठ होतो, आणि त्यासाठी शाळेत रेंजही लागत नाही. कागदावर उतरवून नेले की झाले.

ही समासाची वही वरिष्ठांना दाखवायची की नाही, असा प्रश्न काही जण विचारतात. माझे मत स्पष्ट आहे : वही आपली, प्रपत्र त्यांचे. मुख्याध्यापकांनीही ती मागू नये. मागितली, की पुढच्या पंधरवड्यात ‘पाहिले’ हा शब्द वहीतून नाहीसा होईल आणि सगळीकडे ‘गटकार्य’ दिसू लागेल. प्रपत्रात जी पायरी लिहायची ती वहीच्या आधारे लिहावी, आणि ‘कोणते प्रशिक्षण हवे?’ हा रकाना, जो आपण बहुधा रेघ मारून सोडतो, तो मात्र भरावा. ‘संगणक प्रशिक्षण’ असे मोघम लिहू नये. ‘एकच संगणक आणि चाळीस मुले असताना गटांची पाळी कशी लावावी’ असे लिहावे. पंधरवडा पहिल्या सत्रात जुलैचा आणि दुसऱ्या सत्रात जानेवारीचा बरा पडतो. दिवाळीपूर्वी परीक्षांची धांदल असते आणि मार्चमध्ये समास लिहायला कोणालाच फुरसत नसते.